दातांचा खर्च आणि घरखर्चाचा मेळ

दातांचे मोठे काम निघाले, की गृहस्थाला वेदनेइतकीच खर्चाची धास्ती वाटते. परंतु सारे काम एकदमच करावे लागते असे नाही. ठणकणारा, पू धरलेला दात प्रथम. मग चावण्याच्या दाढा. शोभेचे काम शेवटी. दंतवैद्याकडून प्रत्येक दाताचा खर्च लेखी घ्यावा आणि त्याप्रमाणे टप्पे पाडावेत. रूट कॅनाल केलेल्या दाढेवर टोपी बसविण्यास मात्र चालढकल नको. दाढ दुभंगली, तर आधीचा पैसाही वाया जातो. बांबोळी, इंदूर येथील सरकारी दंत महाविद्यालयांत हेच उपचार अल्प दरात होतात. तेथे पैशाऐवजी वेळ खर्चावा लागतो. आणि किडीचा ठिपका दिसताच दात भरून घेतला, तर ही बेरीज मांडण्याची वेळच बहुधा येत नाही.