भिलाईच्या मित्रदेशातले नाण्याचे खेळ

भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभा राहिला. पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. त्याच सोव्हिएत संघात १९७०च्या दशकात नाण्यावर चालणारी खेळयंत्रे बनू लागली, तीही लष्करी कारखान्यांत! त्यांतले सर्वांत लाडके ‘मोर्स्कोय बोय’, म्हणजे सागरी लढाई. १५ कोपेकचे नाणे टाकायचे, पेरिस्कोपला डोळे लावायचे आणि सरकत्या जहाजाच्या जरा पुढे नेम धरून बटण दाबायचे. टॉर्पेडोची वाट पाण्यात उजळत जाणारे दिवे दाखवतात. व्हिडिओचा पडदा नाही, तरी थरार अस्सल. मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग इथल्या सोव्हिएत खेळयंत्रांच्या संग्रहालयांत अशी यंत्रे पाहुण्यांना खेळता यावीत म्हणून दुरुस्त करून ठेवली आहेत. तिकिटासोबत जुनी नाणी मिळतात. रशियाला जाणाऱ्या भिलाईकरांनी तिथे तासभर राखून ठेवावाच.