क्षयरोग आणि एचआयव्ही : संयुक्त कार्यक्रमाची वाटचाल

एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावली की शरीरात सुप्त असलेले क्षयजंतू सक्रिय होतात. म्हणूनच भारतात १९६२ मध्ये सुरू झालेला क्षयरोग कार्यक्रम आणि १९९२ पासूनचा एड्स नियंत्रण कार्यक्रम यांची सांगड घालणे भाग पडले. आता क्षयरुग्णाची एचआयव्ही चाचणी करण्याची, तसेच एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीरोधक औषधे मोफत मिळणाऱ्या केंद्रात, येणाऱ्या प्रत्येकाकडे क्षयाच्या लक्षणांची चौकशी करण्याची पद्धत आहे. खरी गुंतागुंत उपचारांत आहे : क्षयावरील रिफाम्पिसिन यकृतातील विकरांना चालना देऊन डोल्युटेग्राव्हिर या एचआयव्हीरोधक औषधाचे रक्तातील प्रमाण घटवते, त्यामुळे ते दिवसातून एकदा न देता दोनदा द्यावे लागते आणि गोळ्यांचा भार वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार देशात लाख लोकसंख्येमागे २०१५ मध्ये २३७ असलेले नव्या क्षयरुग्णांचे प्रमाण २०२३ मध्ये १९५ झाले. ही घट लक्षणीय खरी, पण २०२५ पर्यंत क्षयरोग निर्मूलनाचे उद्दिष्ट या गतीने गाठणे शक्यच नव्हते. क्षयरुग्णांच्या पोषणासाठी असलेल्या निक्षय पोषण योजनेतील मासिक साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाले असले, तरी ते थेट बँक खात्यात जमा होत असल्याने खाते नसलेल्या स्थलांतरित मजुरापर्यंत पोहोचवणे जिकिरीचे ठरते.