मागं उभं राहून धरलेलं ध्रुपद

आमच्या गटातली एकजण म्हणाली, धर्मापुरीच्या केदारेश्वरापुढून जाते, पण हात जोडवत नाहीत. पाऊस गेला, बैल विकले, आता देवाला काय मागू? आम्ही तिला समजावत बसलो नाही. तुकोबांचं सांगितलं. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची थोरली बायको अन्न अन्न करत गेली, व्यापार बुडाला, लोकांत लाज वाटू लागली. अभंगात त्यांनीच हे मांडलंय. पुढं त्यांनी भंगलेलं देऊळ नीट करायचं मनावर घेतलं. एकादशीला कीर्तनाला उभे राहिले, तेव्हा मनाला सवय नव्हती. म्हणून पुढचे गातील त्यांच्या मागं ध्रुपद धरलं. आम्हाला हे मागं उभं राहणंच मोठं वाटतं. येत्या एकादशीच्या भजनात मागच्या रांगेत तिची जागा धरलीय. गायली नाही तरी चालेल, टाळ आम्ही देऊ.