धम्मवारशाची नोंद आणि छोटा डिजिटल कॅमेरा : निवडीचे निकष

महाराष्ट्रातील बौद्ध लेण्यांचा अभ्यास आता विद्यापीठीय संशोधकांपुरता मर्यादित राहिलेला नाही. ठिकठिकाणच्या विहारांतील उपासक-उपासिका, विद्यार्थी आणि अभ्यासमंडळे लेण्यांना भेटी देतात, शिलालेख पाहतात, धम्मलिपीचे वाचन शिकतात. त्याचबरोबर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेच्या साक्षीदारांच्या आठवणी मुद्रित करून ठेवण्याची निकडही अनेकांना जाणवू लागली आहे. त्या दिवशी जे मूल दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहे. या दोन्ही कामांसाठी विहाराच्या निधीतून एखादा लहान, खिशात किंवा झोळीत मावणारा डिजिटल कॅमेरा घ्यावा, असा विचार पुढे येतो आणि लगेच प्रश्न उभा राहतो : कोणता घ्यावा? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

पाली साहित्यात मत्तञ्ञुता, म्हणजे मात्रा जाणणे, या गुणाला महत्त्व दिलेले आहे. भिक्खूने चीवर, पिंडपात, शयनासन आणि औषध यांचा स्वीकार कोणत्या प्रयोजनासाठी करावयाचा, याचे चिंतन करूनच तो करावा, असा दंडक आहे. साधनाचे मोल त्याच्या प्रयोजनावरून ठरते, हा त्यातील विचार येथेही उपयोगी पडतो. दुकानदार मेगापिक्सेलचा आकडा आणि झूमची पटी सांगतो. आपले प्रयोजन मात्र दोन गोष्टींशी बांधलेले आहे : लेण्यातील मंद प्रकाश आणि वृद्धांचा क्षीण आवाज. म्हणून प्रकाश आणि ध्वनी हेच आपल्या निवडीचे मुख्य निकष ठरतात.

नोंद का जपावी लागते?

अजिंठ्याच्या इतिहासातील दोन घटना या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४० च्या दशकापासून अनेक वर्षे खपून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठ्या प्रतिकृती रंगविल्या. त्या लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक नष्ट झाल्या. त्यानंतर १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतील अनेक चित्रे १८८५ साली लंडनमध्येच लागलेल्या आगीत जळाली. दरम्यान मूळ भिंतींवरील रंगाचे पोपडे गळतच होते. जेथे मूळ चित्रही गेले आणि प्रतिकृतीही गेली, तेथे पुढील अभ्यासकाच्या हाती काहीच उरले नाही. नोंद करणे आणि नोंद एकाहून अधिक ठिकाणी जपणे ही दोन्ही कामे सारखीच महत्त्वाची आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

सेन्सर आणि भिंग

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर असतो. त्याचे क्षेत्रफळ जितके मोठे, तितका अधिक प्रकाश एका चित्रासाठी गोळा होतो. स्वस्त लहान कॅमेऱ्यांतील सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर एवढाच असतो. ज्याला ‘एक इंची’ म्हणतात तो सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. प्रत्यक्षात त्याची कोणतीही बाजू एक इंच नसते. हे नाव जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतील नळ्यांच्या मापावरून चालत आले आहे. असे असले तरी त्याचे क्षेत्रफळ पहिल्याच्या सुमारे चौपट आहे, आणि लेण्याच्या गर्भभागात हा चौपटीचा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो. लहान सेन्सरच्या चित्रात दगडाच्या पोताऐवजी रंगीत दाणे दिसू लागतात. म्हणून एक इंची सेन्सर ही आपली किमान अपेक्षा असावी.

दुसरी गोष्ट भिंगाची. भिंगावर एफ १.८, एफ २.८ असे आकडे छापलेले असतात. आकडा जितका लहान, तितके भिंगाचे छिद्र मोठे. एफ २.८ च्या तुलनेत एफ १.८ मधून जवळजवळ अडीचपट प्रकाश आत येतो. येथे एक तडजोड अटळ असते. लांबचे जवळ दाखविणारे भिंग लहान कॅमेऱ्यात बसवावयाचे तर त्याचे छिद्र लहान ठेवावे लागते. २०१९ साली आलेल्या सोनी आरएक्स १०० मार्क ७ या कॅमेऱ्याचे भिंग २४ ते २०० मिलिमीटरच्या तुल्य पल्ल्याचे आहे, परंतु छिद्र एफ २.८ पासून सुरू होऊन लांबच्या टोकाला एफ ४.५ होते. त्याच वर्षीच्या कॅनन जी ७ एक्स मार्क ३ चा पल्ला २४ ते १०० मिलिमीटर, पण छिद्र एफ १.८ ते २.८. रिको जीआर ३ या कॅमेऱ्यात सेन्सर आणखी मोठा आहे. मात्र त्याचे भिंग २८ मिलिमीटरचे, एकाच पल्ल्याचे आहे.

ही तुलना कार्ल्याच्या चैत्यगृहात उभे राहून करून पाहावी. सुमारे ३८ मीटर लांबीच्या त्या दालनाचे समग्र दर्शन घ्यावयाचे असेल तर २४ किंवा २८ मिलिमीटरचे भिंग हवे. स्तंभशीर्षांवरील हत्ती आणि त्यांवर आरूढ युगुले उंचावर आहेत. त्यांच्यासाठी १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पल्ला हवा. धेनुकाकट येथील यवन दात्यांची नावे कोरलेल्या स्तंभांवरील लेखांसाठी मधला पल्ला सोयीचा, कारण अगदी जवळून रुंद भिंगाने घेतलेल्या चित्रात कडेची अक्षरे ताणली जातात. या तिन्ही गरजा एकत्र पाहता, पल्ला थोडा कमी पण छिद्र मोठे असलेला कॅमेरा बहुतेक विहारांना अधिक उपयोगी पडेल, असे आमचे मत आहे. ‘डिजिटल झूम’ या शब्दाला मात्र भुलू नये. त्यात चित्राचा मधला भाग कापून मोठा केला जातो. नवा तपशील त्यात येत नाही.

मेगापिक्सेल किती पुरे?

वीस मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी साधारण ५४७२ बिंदूंची असते. दीड मीटर रुंदीचा शिलालेख चौकटीत पूर्ण बसविला तर दर मिलिमीटरला साडेतीन बिंदू पडतात. तीन सेंटिमीटर उंचीच्या अक्षराला शंभराहून अधिक बिंदू मिळतात. वाचनासाठी हे पुरेसे आहे, आणि छपाईतही सुमारे अठरा इंच रुंदीचे चित्र स्वच्छ उमटते. याहून मोठ्या आकड्यासाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही.

त्याऐवजी कॅमेरा ‘रॉ’ स्वरूपात चित्र साठवतो की नाही, हे विचारावे. नेहमीच्या जेपेग चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, तर बारा बिटांच्या रॉ चित्रात ४०९६. सावलीत बुडालेले अक्षर नंतर संगणकावर उजळून वाचावयाचे असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. मोबाइल फोनच्या बाबतीतही हेच तारतम्य ठेवावे. आजचे फोन अनेक चित्रे एकत्र करून, कडा ठळक करून आणि पोत गुळगुळीत करून देखणे चित्र देतात. पण झिजलेल्या अक्षराची रेषा दगडात आहे की यंत्राने ठळक केली आहे, असा संशय अभ्यासकाला परवडत नाही.

लेण्यातील शिस्त

अजिंठ्याच्या चित्रित लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित स्थळी ट्रायपॉडसाठी आधी परवानगी काढावी लागते. तेव्हा हाताचा कंप सावरणारी ‘स्टॅबिलायझेशन’ची सोय कॅमेऱ्यात असावी. आपल्याच पिशवीवर कॅमेरा टेकवून दोन सेकंदांच्या टायमरने चित्र घेता येते. त्यासाठी वर वळणारा पडदा असल्यास बरे.

शिलालेखासाठी समोरून पडणारा प्रकाश निरुपयोगी असतो. प्रकाश भिंतीला घासून तिरपा आला की कोरीव रेषांत सावली भरते आणि अक्षरे उठून दिसतात. कार्ले आणि भाजे येथील चैत्यगृहे पश्चिमाभिमुख आहेत. तेथे दुपारनंतर जावे. उत्तम भिंगापेक्षाही योग्य वेळ अधिक काम करते. अक्षरांत खडू भरणे, पाणी वा तेल लावणे हे प्रकार मात्र कटाक्षाने टाळावेत. अजिंठ्याची चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून एकेकाळी त्यांवर वार्निश चढविले गेले. ते पुढे पिवळे पडले आणि चित्रांवरच त्याचा डाग बसला. मोजपट्टी चौकटीत ठेवावी, पण तिचा भिंतीला स्पर्श होऊ देऊ नये.

वृद्धांच्या आठवणींचे मुद्रण

चित्रफितीच्या बाबतीत बहुतेकांचे लक्ष ‘४के’ या शब्दाकडे जाते. बोलणाऱ्या व्यक्तीच्या मुद्रणासाठी १९२० बाय १०८० बिंदूंची ‘फुल एचडी’ पुरेशी आहे. काही लहान कॅमेरे ४के चित्रीकरण तापमान वाढल्यामुळे पाच-दहा मिनिटांतच थांबवतात, आणि एखादी आजी दीक्षेच्या प्रवासाची हकीकत सांगत असताना यंत्र थांबणे परवडणारे नाही. अनेक जुन्या कॅमेऱ्यांत एका वेळची मर्यादा २९ मिनिटे ५९ सेकंद असते. ती ठाऊक असली म्हणजे मध्येच नवे मुद्रण सुरू करता येते. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने सेकंदाला २५ चौकटी आणि एकपन्नासांश सेकंदाचा शटर ठेवावा. त्यामुळे ट्यूबलाइटच्या उजेडात पडदा लुकलुकत नाही.

सर्वांत महत्त्वाचा भाग ध्वनीचा. चेहरा थोडा अंधुक असला तरी साक्ष टिकते. शब्दच ऐकू आले नाहीत तर ती संपते. म्हणून बाहेरचा माइक जोडण्याची खाच असलेलाच कॅमेरा घ्यावा. वर उल्लेखिलेल्या सोनी आणि कॅननच्या कॅमेऱ्यांत, तसेच २०२० साली आलेल्या सोनी झेडव्ही १ मध्ये ती आहे; रिको जीआर ३ मध्ये नाही. पदराला किंवा शर्टाला लावण्याचा साधा कॉलर माइक कॅमेऱ्यातील माइकपेक्षा कितीतरी स्पष्ट आवाज देतो. मुद्रणापूर्वी त्या व्यक्तीची संमती घ्यावी आणि मुद्रण कोठे, कोणासाठी वापरले जाईल ते सांगावे.

खरेदी आणि जतन

मोबाइलच्या प्रसारामुळे अनेक कंपन्यांनी लहान कॅमेऱ्यांची निर्मिती आवरती घेतली आहे. त्यामुळे वापरलेला कॅमेरा घेण्याची वेळ येऊ शकते. तो घेताना भिंग पुरते बाहेर येऊन विनाअडथळा आत जाते का, पांढऱ्या भिंतीच्या चित्रात काळे ठिपके दिसतात का, आणि त्या जातीची बॅटरी बाजारात मिळते का, हे तपासावे. भिंग आत-बाहेर होताना धूळ आत ओढली जाते. लेण्यांत फिरणारा कॅमेरा म्हणूनच बंद पिशवीत ठेवावा.

सगळा निधी कॅमेऱ्यावर खर्च करू नये. ५० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने मुद्रित केलेली एक तासाची चित्रफीत सुमारे साडेबावीस गिगाबाइट जागा घेते. म्हणून माइक, एक जादा बॅटरी, दोन एसडी कार्डे आणि दोन हार्ड डिस्क यांची तरतूद आधीच करावी. एक प्रत विहारात आणि दुसरी वेगळ्या गावी ठेवावी. प्रत्येक चित्राबरोबर स्थळ, लेणे क्रमांक, लेखाची जागा, दिनांक आणि घेणाऱ्याचे नाव नोंदवावे. अशी नोंद नसलेले चित्र काही वर्षांनी कोणत्या लेण्याचे, हे घेणाऱ्यालाही सांगता येत नाही.

ज्या विहाराला आज कॅमेरा घेणे शक्य नाही, त्याने लेण्यांच्या छायाचित्रणासाठी थोडे थांबण्यास हरकत नाही. कार्ल्याचे स्तंभ पुढील वर्षीही तेथेच असतील. आठवणींचे मुद्रण मात्र पुढे ढकलू नये. हाती असलेल्या मोबाइलला एक कॉलर माइक जोडून ते काम याच पौर्णिमेपासून सुरू करावे आणि आपल्या वस्तीतील सर्वांत वृद्ध उपासक-उपासिकेपासून त्याचा आरंभ करावा.