एलपीएन म्हणजे नक्की कोण?

परवा आतेबहिणीचा फोन आला. तिचं जीएनएम झालंय. एक एजंट मागे लागलाय, "मॅडम, अमेरिकेत एलपीएन करा, वर्षभरात सेटल!"

तर एलपीएन म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स. टेक्सास-कॅलिफोर्नियात तिलाच एलव्हीएन म्हणतात. कोर्स साधारण वर्षभराचा, हे खरंय. मग एनक्लेक्स-पीएन परीक्षा. इंजिनियर म्हणून मला ही भारी वाटते: तुमच्या उत्तरावरून कॉम्प्युटर पुढचा प्रश्न निवडतो. कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५०. ८५ वर बंद पडली म्हणजे नापास, असं काही नाही!

काम? बीपी-शुगर बघणं, गोळ्या देणं, ड्रेसिंग, कॅथेटर. बरेच जण नर्सिंग होममध्ये असतात. आपलं छोटं हॉस्पिटल नव्हे, तिकडे म्हाताऱ्या माणसांची राहायची जागा. पेशंटमध्ये फरक दिसला की रजिस्टर्ड नर्सला, म्हणजे आरएनला कळवायचं. केअर प्लॅनची जबाबदारी तिची.

एजंट एक गोष्ट गाळतो. ग्रीन कार्डसाठी नर्सना 'शेड्यूल ए'ची सवलत आहे, पण ती आरएनना, एलपीएनना नाही. मी म्हटलं, ताई, पैसे भरू नकोस. जिथे जायचंय त्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाला आधी विचार, जीएनएमवर थेट आरएनची परीक्षा देता येईल का?