बिनतारी संदेशाचा सराव

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, विशेषतः धुंदलवाडी परिसरात, भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या थंडीत कित्येक कुटुंबांनी रात्री घराबाहेर काढल्या. अशा वेळी सारेच फोन फिरवू लागतात आणि लाइन लागत नाही. म्हणून प्रथमोपचार शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी वॉकीटॉकीवर बोलण्याचाही सराव करावा, असे आम्हास वाटते.

संच नसला तरी अडत नाही. विहारात दोघांना पाठीला पाठ लावून बसवावे. एक धुंदलवाडीतला प्रथमोपचारक, दुसरा डहाणूचा डॉक्टर. दोघांच्या हातात एकेक पट्टी द्यावी. पट्टी उचलली म्हणजे बटन दाबले. दोघांनी एकदम उचलली तर दोघांचेही बोलणे बाद, कारण बटन दाबलेल्याला समोरचे ऐकू येत नाही. बोलणे संपले की 'ओव्हर' म्हणून पट्टी खाली.

खरी गोम आपल्या मराठीत आहे. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. 'रक्तस्राव थांबलेला नाही' म्हणताना बटन घाईने सुटले, तर डॉक्टरांना ऐकू येते, 'रक्तस्राव थांबलेला'! म्हणून 'रक्तस्राव चालू' असेच म्हणावे. खरखरीत 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांचाही घोटाळा होतो. नाडीचे ठोके 'पाच, नऊ' असे सुटे सांगावेत. ऐकणाऱ्याने आकडा परत म्हणून दाखवावा, चुकल्यास लगेच दुरुस्त करावा.

सरावात जवळ रेडिओची खरखर लावून ठेवावी. मुलांना त्याची मोठी गंमत वाटते. दोघांनीही संदेश लिहून घ्यावा आणि शेवटी कागद शेजारी ठेवून ताडून पाहावेत.