आगोटीचा बोंबील

पहाटे साडेपाच
वर्सोव्याच्या मासे वाळवायच्या खळ्यावर मे महिन्यात या वेळी कुणी माल उतरवत नाही. जबड्यात जबडा अडकवून वलांड्यांवर जोडीने टांगलेले बोंबील रात्रीच्या दमट वाऱ्याने वरून पुन्हा मऊ पडलेले असतात. माल वाळवणारी मावशी वलांड्यांभोवती एक चक्कर मारते, कावळे हाकलते आणि चहाला घरी जाते.

साडेआठ
आधी जवळा. खाली जुनं जाळं अंथरलेलं असेल तर माल स्वच्छ; नाहीतर सुपात पाखडल्यावर तळाशी वाळू उरतेच. गुलाबीसर, डोळ्यांचे काळे ठिपके नीट दिसणारा जवळा पहिला, पिवळा पडलेला दुसरा. वास नाकाला झोंबला की तो माल थेट कोंबड्यांच्या खाद्याला.

साडेअकरा
ऊन चढलं, बोंबील उतरले. खरं काम आता. ताजा बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच. शेपटीकडे तो लवकर वाळतो, डोक्याकडचा जाड भाग मागे राहतो, म्हणून मावशी तिथेच चिमटीत दाबून बघते. दबला तर पुन्हा वलांडीवर. लांब, पांढरट, कडक आणि शेपटीसकट अख्खा तो पहिल्या ढिगात, आखूड दुसऱ्यात, मोडके तिसऱ्यात. मोडक्याच्या चवीत काही कमी नसतं, पैसे दिसण्याचे जातात. मी तरी चटणीला तेच घेईन. भोकं पडून भुगा सांडणारा, किडा लागलेला जुना माल मात्र चांगल्याच्या शेजारीसुद्धा ठेवत नाहीत.

जेवण ढिगांशेजारीच, पाठीवर ऊन घेत.

तीन
व्यापारी येतो. वरचे बोंबील तो बघतही नाही. गोणीत कोपरापर्यंत हात घालून तळातला काढतो.

"मावशी, हा आखूड आहे."

"आखूड आहे, पण मोडून बघ."

काडकन मोडतो. व्यापारी पुढे बोलत नाही. १ जूनपासून मासेमारी बंद, आता जो तो आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरणार. दिवाळीनंतर गिऱ्हाईक लांबी बघून पैसे मोजतं. मेमध्ये विचारतं, पावसात टिकेल का? लांब पण आतून ओला बोंबील गोणीत उबतो, त्याला बुरशी धरते आणि शेजारचेही नासतात. त्यामुळे या महिन्यात काडकन मोडणाऱ्या आखूड बोंबलांचा दुसरा ढीग पहिल्याच्या भावाला भिडतो, आणि मावशी घासाघीस करते ती याच ढिगासाठी.

सहा
हवा ओलसर व्हायच्या आत गोण्या घरात. दुपारी दबलेले बोंबील वलांडीवरच राहतात. उद्या ढग आले तर ते तिसऱ्या ढिगाच्या भावाने द्यावे लागतील.